आसारामचा दोर

दोराला तीन झटके बसले तेव्हा सोसायटीच्या विहिरीवर मी एकटीच होते. भर दुपारची वेळ, सगळं गाव दारं लोटून पडलेलं. घागर खाली भरली होती, मी ओढायला वाकले, तोच दोर माझ्या हातातून खाली ओढला गेला. एक, दोन, तीन. जराशी उसंत, आणि पुन्हा तेच.

घागर कुठेतरी अडकली असेल, असं म्हणणाऱ्यांतली मी आहे. भुताखेताच्या गोष्टी घेऊन येणाऱ्या बायकांना मी आजवर चांगली फैलावर घेत आले. पण त्या तीन झटक्यांचा अर्थ गावात ज्या मोजक्या माणसांना ठाऊक होता, त्यांत मी होते. ‘मला वर ओढ,’ असा तो अर्थ होता. मी दोर सोडला, घागर सोडली आणि घरी आले. माझ्या चपला तिथेच राहिल्या, हे मला घरी आल्यावर कळलं.

माझं नाव तुळजाबाई. हातात बायबल आणि नाव तुळजाबाई, यावर गावाची थट्टा करून झाली आहे. बाप्तिस्म्याच्या वेळी पाळक नाव बदलायला तयार होते, मी नव्हते. पाटोद्याच्या वरच्या अंगाला, डोंगरात आमचं गाव. तिथे मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, आवारात मिशनच्या जुन्या दवाखान्याच्या खोल्या पडून होत्या. त्यांत मी आंधळी, पांगळी, बहिरी माणसं सांभाळायचे. सांभाळायचे म्हणजे काय, तर त्यांच्या वतीने गावाशी भांडायचे. हे काम मला प्रार्थनेपेक्षा बरं जमायचं.

आसाराम आणि साखराबाई या आवारातलंच जोडपं. आसाराम जन्माचा बहिरा, म्हणून मुका. साखराबाईचे डोळे लहानपणी देवीत गेलेले. तो बोलू शकत नव्हता आणि ती त्याच्या खुणा पाहू शकत नव्हती. तळहातावर बोटं दाबून दोघांचं काय बोलणं चालायचं ते देव जाणे, पण भांडण मात्र रोज व्हायचं. रुसलेली साखराबाई हाताची मूठ गच्च मिटून बसायची. मग तो बिचारा संध्याकाळपर्यंत ती मूठ उघडायच्या खटपटीत असायचा.

बहात्तरचा दुष्काळ त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात हाडापर्यंत आला होता. आड कोरडे पडले. टँकर यायचा तेव्हा यायचा. अशात आबासाहेबांनी सहकारी पाणीपुरवठा सोसायटी काढली आणि गावाखालच्या ओढ्याजवळ विहीर खणायला घेतली. आबासाहेब चेअरमन. कामावर मुकादम सर्जेराव. मी आसाराम आणि साखराबाईला घेऊन सर्जेरावसमोर उभी राहिले आणि म्हटलं, यांना दोघांना मिळून एक माणूस धरा.

सर्जेराव हसला. “आंधळी वर आन् भैरा खाली? सुरुंगाची हाळी कोन ऐकनार बाई?”

“मी ऐकते की,” साखराबाई म्हणाली. “तुमी माझ्या हातात त्याचा दोर तेवडा द्या.”

तशी पद्धत पडली. आसारामच्या मनगटाला दोर, दुसरं टोक काठावर साखराबाईच्या मुठीत. तिने एकदा ओढलं की ‘मी आहे’. दोनदा ओढलं की ‘सुरुंग भरला, वर ये’. त्याने खालून तीनदा ओढलं की ‘मला वर ओढ’, मग ती ओरडायची आणि गडी त्याला वर घ्यायचे. दिवसभर काही काम नसलं तरी ती मधूनमधून एकदा ओढायची. खालूनही एक झटका यायचा, आणि ती उगाचच हसायची. मी तिला चिडवायचे, “नवरा आहे का मासा, गळ टाकून बसलीस?”

सुरुंगाचा रिवाज असा होता. बत्ती देण्याआधी धोंडीराम तीनदा हाळी द्यायचा. खालचा एकेक गडी वर आला की काठावर हात टेकून स्वतःचं नाव सांगायचा, अमका आला, तमका आला. आसारामचं नाव साखराबाई सांगायची. सगळी नावं आली की बत्ती, आणि मग विहिरीत वाकून पाहायचं नाही. पाहिलं तर विहीर माणूस मागते, असं म्हणत. धोंडीराम आमच्या मंडळीचा पंच, रविवारी माझ्या शेजारी बसून गाणारा. पण हा रिवाज तोही पाळायचा. बाप्तिस्मा झाला म्हणून विहिरीची भीती जात नाही.

त्या दिवशी घाई होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मंत्री येणार, आणि पाणी लागलं असं आबासाहेब आधीच सांगून बसलेले. दुपारी सर्जेरावने साखराबाईच्या हातातून दोर काढून घेतला.

“वर आला गं तुझा नवरा. लिंबाखाली बसलाय. जा, त्याला भाकर घिऊन ये.”

ती भाकरीसाठी आवारात आली. मीच तिच्या पदरात भाकर बांधून दिली. ती निम्म्या वाटेवर असताना सुरुंग उडाला, आणि त्याच्या मागोमाग आरडाओरड, पाणी लागलं, पाणी लागलं! हलगी वाजली. गुलाल आला. दुष्काळात गुलाल कुठून आला असेल, असा प्रश्न त्या दिवशी कोणाला पडला नाही.

लिंबाखाली आसाराम नव्हता. “गावात नाचाय गेला आसंल,” सर्जेराव म्हणाला. बहिरा माणूस हलगीवर नाचायला गेला, हे ऐकून कोणी हसलंसुद्धा नाही. रात्री तो आला नाही. दुसऱ्या दिवशी मंत्र्यांच्या गाड्या आल्या, विहिरीला हार घातला गेला. तिसऱ्या दिवशी सर्जेरावने सांगून टाकलं, की भैरा कारखान्याकडं ऊसतोडीला गेला. गावाने ते मान्य केलं, कारण गाव पाणी पीत होतं.

साखराबाईने मान्य केलं नाही. “त्यो माझ्या हातावर सांगितल्याबिगर परसाकडंबी जात न्हाई. त्यो विहिरीत हाय.”

मी चौकीवर गेले. फौजदार भला माणूस होता, त्याने खुर्ची दिली. “बाई, प्रेत दाखवा, मी आत्ता येतो,” म्हणाला. प्रेत चार पुरुष खोल पाण्याखाली. मी आबासाहेबांकडे गेले, विहीर उपसा म्हटलं. ते रागावलेही नाहीत. त्यांनी मला वाड्याच्या ओट्यावरून खालची वस्ती दाखवली, दारादारात भरून ठेवलेल्या घागरी दाखवल्या. “एका मानसापायी ह्या समद्यांचं पानी तोडू? पुन्हा आलं न्हाई तर? तुमचा देव देनार का टँकर?”

मी ओट्यावरून खाली उतरले. माझ्या घरातली घागरही त्याच पाण्याची होती, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही.

साखराबाई मग रोज दुपारी विहिरीवर जाऊन बसायला लागली. कुठूनसा एक जुना दोर मिळवून तो पाण्यात सोडायची आणि एकदा ओढायची. मी आहे. मग डोकं कलतं करून बसायची. ऊन डोक्यावर, तिची सावली पायाखाली, आणि ती त्या दोराला कान दिल्यासारखी. एक दिवस घरी येऊन म्हणाली, “बाई, त्यो वढतोय. तीनदा.”

मी तिला जवळ घेतलं आणि तिच्यासाठी प्रार्थना केली. तिच्या डोक्यावर परिणाम झाला असं मला वाटलं होतं. मग माझ्याच हातातल्या दोराला ते झटके बसले.

मी कोणाला बोलले नाही. पण त्यानंतर मी विहिरीवर बायकांकडे पाहू लागले. मनकर्णा मोठी तोंडाळ, तिच्याशिवाय पाणवठा सुना वाटायचा. ती आता दोर धरताना हाताला पदर गुंडाळायची आणि एक शब्द बोलत नव्हती. बौद्धवाड्यातली भिवराबाई घागर भरायच्या आत ओढून घ्यायची, अर्ध्या घागरी नेऊन दोन खेपा करायची. विहिरीवर गप्पा बंद झाल्या. दुपारी तिथे कोणी जाईना. काय होतंय हे सगळ्यांना कळत होतं, आणि कोणी कोणाला विचारत नव्हतं. मला त्या झटक्यांपेक्षा या गप्प बसण्याची जास्त भीती वाटली.

आबासाहेबांनी सोसायटीचं इंजिन बसवलं. आता दोर धरायचं कारणच उरलं नाही, पाइपातून हौदात पाणी. बायकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पहिले दोन दिवस इंजिन गुण्यागोविंदाने चाललं. तिसऱ्या दिवशी दुपारी त्याने तीन उचक्या दिल्या आणि बंद पडलं. मेकॅनिक आला, त्याने सगळं खोललं, पुसलं, जोडलं. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला तीन उचक्या. मेकॅनिकने हत्यारं गोळा केली आणि न सांगता निघून गेला.

पुढचा रविवार प्रभुभोजनाचा होता. आमच्या गरीब मंडळीत द्राक्षारस कुठला, आदल्या संध्याकाळी मनुका पाण्यात भिजवायच्या, सकाळी कुस्करून गाळायच्या, तोच रस. हे काम माझं. पाणी हौदातलंच होतं, दुसरं होतं कुठे? मनुका कुस्करताना पाणी तांबडं होत गेलं आणि माझे हात थांबले. मग मी स्वतःलाच रागावले आणि गाळून घेतलं.

उपासनेला सगळी घरं हजर. आवारातली माणसं पुढच्या चटईवर. पाळकांनी भाकर मोडली, आमच्यासाठी सांडलेल्या रक्ताची नेहमीची वाक्यं म्हटली आणि प्याला पंचाच्या हातात दिला. धोंडीराम रांगेने फिरू लागला. साखराबाईपाशी आला, वाकला, प्याला तिच्या ओठांना लावला. तिने तोंड बाजूला घेतलं.

“ह्यात आसाराम हाय,” ती म्हणाली. हळूच म्हणाली, पण पत्र्याच्या त्या देवळात मागच्या भिंतीपर्यंत ऐकू गेलं. “त्याला मी कसा पिऊ, भाऊ?”

धोंडीराम प्याला धरून तसाच उभा राहिला. मी त्याच्या शेजारीच होते, म्हणून शपथेवर सांगते, त्याचा हात थरथरत नव्हता. त्याचा हात ओढला गेला. खाली, तीनदा. रस साखराबाईच्या पांढऱ्या पातळावर सांडला. प्याला घरंगळत वेदीपर्यंत गेला.

धोंडीराम तिच्यासमोर चटईवर बसला.

“त्या दिवशी ‘आसाराम आला’ आसं नाव आलं, त्ये बाईच्या तोंडचं नव्हतं,” तो म्हणाला. “सर्जेरावाच्या तोंडचं व्हतं. त्याला वर घ्यायला येळ घालवायचा नव्हता. मला वळख पटली व्हती. तरी बत्ती दिली. खाली वाकून पाह्यलं न्हाई.”

मला वाटलं एवढंच आहे. एवढं तरी मी ऐकू शकत होते.

“त्यो मेला नव्हता,” धोंडीराम म्हणाला. “कपारीत काम करीत व्हता. सांजच्याला समदे गावात नाचत व्हते, मी पहारी गोळा कराय गेलतो. सर्जेरावानं दोर लिंबाला बांधून ठिवला व्हता. त्यो दोर हलत व्हता. तीन झटके, मंग दम. तीन झटके, मंग दम. मी मनाला म्हनलं, शेळी हाय. लिंबाला शेळी बांधलीय. मंग सर्जेराव आला. माझ्याकडं पाह्यलं आन् विळ्यानं दोर कापला. टोक विहिरीत टाकलं. म्हनला, उद्या मंत्री येनार हायेत. मी घरी आलो आन् जेवलो.”

आम्ही नाचलो तेव्हा तो खाली बसून दोर ओढत होता. साखराबाई ओरडली नाही. तिने हात पुढे करून धोंडीरामचा चेहरा शोधला आणि त्यावरून हात फिरवला. तो माणूस कसा दिसतो ते तिला पाहायचं असावं. त्याचे डोळे पुसायला तिने हात पुढे केला नव्हता, एवढं नक्की.

पाळकांनी प्रभुभोजनाच्या मेजावर कपडा घातला. मवाळ माणूस, कधी आवाज चढवला नाही. म्हणाले, “आसाराम वर येईपर्यंत हे मेज बंद. आणि ते पाणीही बंद. चला.”

आम्ही सगळे रविवारच्या कपड्यांत विहिरीवर गेलो. पांगळ्यांना पाठीवर घेतलं. मी अशी दुपार पुन्हा पाहिली नाही. एक कुत्रंसुद्धा भुंकत नव्हतं. बातमी कळताच गाव जमलं. आबासाहेब आले, त्यांच्यामागे सर्जेराव. मी काय काय बोलले ते मला आठवत नाही. लोक सांगतात की मी चेअरमनला ‘अरे’ म्हटलं. म्हटलं असेन.

“ह्या बाईच्या मानसांनी रचलेली गोष्ट हाय,” आबासाहेब गावाला म्हणाले. “ह्यांच्या नादाला लागून पानी घालवू नका. उद्या लेकरं तहानली की हीच बाई पळून जाईल.”

माणसं खाली बघत होती. मनकर्णाच्या कडेवर मूल होतं, तिने त्याला घट्ट धरलं. मला तिचा राग आला नाही.

या सगळ्यात साखराबाई काठावर जाऊन बसली होती. तिने आपला दोर सोडला. आज त्याच्या टोकाला बुडालेल्या घागरी काढायचा गळ बांधलेला होता. तिने बराच वेळ दोर इकडेतिकडे फिरवला, मग हात थांबवून म्हणाली, “लागलं.” भिवराबाईने कोणाची वाट पाहिली नाही, ती पुढे झाली आणि दोघींनी गळ वर घेतला. त्यात अडकून दुसरा दोर आला. शेवाळलेला, पण टोक विळ्याने सरळ कापलेलं. साखराबाईने तो चाचपला. वीतभर खाली तिने स्वतः मारलेली गाठ होती, मूठ सरकू नये म्हणून. तिने ती गाठ गालाला लावली. मग मुठीत धरली, आणि एकदा ओढलं.

दोर पाण्यात सैल सुटलेला होता. सगळं गाव बघत असताना तो हळूहळू ताणला गेला. काठाच्या दगडाला टेकला, त्यातून पाणी पिळून निघालं. मग तीन झटके बसले. साखराबाईचा हात खांद्यापासून पुढे ओढला गेला, तो सगळ्यांनी पाहिला.

“मी आता हे पानी पेनार न्हाई,” भिवराबाई म्हणाली. “मेले तरी न्हाई.” मनकर्णाने मूल दुसऱ्या कडेवर घेतलं आणि इंजिनाकडे बोट केलं. तिच्या नवऱ्याने जाऊन हँडल मारलं. सर्जेराव मागच्या मागे निघायला लागला, तेव्हा त्याची वाट अडवून उभी राहिली ती आमच्या आवारातली पांगळी माणसं. कुबड्या टेकून, रांगेने. त्यांना ओलांडून जायची हिंमत त्याला झाली नाही.

इंजिन रात्रभर चाललं. एकदाही अडलं नाही. सकाळी तळ दिसला, फौजदार आला. आसाराम ढिगाऱ्याखाली नव्हता. कपारीत, पाय दगडात अडकलेला, भिंतीला टेकून बसला होता. दोर मनगटाला गुंडाळलेला आणि हात वर. साखराबाईने वर आणल्यावर तो हात खाली घेण्याचा प्रयत्न केला. तो येईना, तेव्हा तिने त्याच्या तळहातावर बोटं दाबून काहीतरी सांगितलं. कितीतरी वेळ सांगत होती. आम्ही पाठ वळवून उभे राहिलो.

सर्जेरावला सजा झाली. धोंडीरामने साक्ष दिली, स्वतःचं काही झाकलं नाही. आबासाहेबांना काहीच माहीत नव्हतं, असं कोर्टात ठरलं, आणि पुढल्या निवडणुकीत ते पुन्हा चेअरमन झाले. याला मी न्याय म्हणत नाही. प्रार्थनेत देवालाही मी तसं स्पष्ट सांगितलं आहे. विहीर दोन दिवसांत पुन्हा भरली आणि गाव पुन्हा तिचं पाणी प्यायला लागलं. टँकर येईना तेव्हा आम्हीही.

पुरताना साखराबाईने मनगटाचा दोर सोडू दिला नाही. खड्डा बुजवला तेव्हा दुसरं टोक मातीवर, क्रुसाशेजारी ठेवलं. पाळकांना ते बरं वाटलं नसावं, पण ते बोलले नाहीत.

पुनरुत्थानाच्या सणाला पहाटे आम्ही कबरस्थानात मेणबत्त्या घेऊन जातो. दुसऱ्या वर्षी गेलो तेव्हा पूर्वेला तांबडं फुटत होतं. साखराबाई कबरीशी बसली, चाचपून दोर शोधला, गाठीशी मूठ आवळली.

“अजून वढतो का गं?” मी विचारलं.

“न्हाई. आता त्याला वर यायचं न्हाई. आता मीच सांगते त्याला, मी हाय म्हनून.”

तिने एकदा ओढलं. माझी मान आपोआप दुसरीकडे वळत होती. मग मला धोंडीराम आठवला, लिंब आठवला, ती शेळी आठवली, आणि मी मेणबत्ती जवळ धरून वाकून पाहिलं. मातीत गेलेला दोर हलला. एकच झटका. साखराबाई उगाचच हसली.